एचटी-२ चं नाक ठरलं (१:४८, स्क्रॅच बिल्ड)

एचटी-२ या जुन्या भारतीय प्रशिक्षण विमानाचं १:४८ मॉडेल (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं) करतोय, तयार किट न घेता सगळे भाग स्वतः कापून. पंख आणि शेपटीचे भाग कापून झालेत. काम अडलं होतं ते नाकावर, आणि ते या आठवड्यात सुटलं. एचटी-२ हातात घेणाऱ्या प्रत्येकाला इथे थांबावं लागणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हेच विमान का, तर बंगळूरचा विमान कारखाना डिसेंबर १९४० मध्ये उभा केला तो आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आणि त्या कारखान्याने स्वतः डिझाइन केलेलं पहिलं इंजिनाचं विमान म्हणजे डॉ. वि. मा. घाटगे यांच्या हाताखाली तयार झालेलं एचटी-२. ब्रिटिशांचं स्पिटफायर लढाऊ विमान काय, सगळेच करतात.

पहिला नमुना ऑगस्ट १९५१ मध्ये उडाला, जिप्सी मेजर १० इंजिनावर. फेब्रुवारी १९५२ मध्ये दुसरा नमुना उडाला तो १५५ अश्वशक्तीच्या सिरस मेजर ३ वर, आणि पुढे कारखान्यातून विमानं निघाली तीही सिरसवरच. दोन्ही इंजिनांची ठेवण सारखी: चार सिलिंडर एका रांगेत आणि उलटे टांगलेले. क्रँकशाफ्ट वर असल्यामुळे प्रोपेलर उंचावर येतो आणि काउलिंग (इंजिनावरचं पत्र्याचं आवरण) अरुंद, पण खाली खोल उतरलेलं दिसतं. नंतरच्या काळात काही विमानांना लायकमिंग इंजिन बसवलं. त्यात सिलिंडर दोन्ही अंगांना आडवे, त्यामुळे नाक रुंद होतं. म्हणजे फोटो अस्सल, विमानही अस्सल, आणि तरी पन्नाशीच्या दशकातल्या मॉडेलला उपयोग शून्य! नेटवर शोधलं की दोन्ही नाकं शेजारी-शेजारी येतात आणि फोटोखाली साल लिहायचे कष्ट कुणी घेत नाही.

मी सिरसवालं पक्कं केलंय. रुंद नाकाचे फोटो टाकून दिलेले नाहीत, त्यांचं वेगळं फोल्डर आहे. शेपटी, चाकांचे पाय, कॅनॉपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) चौकट यासाठी ते चालतात. फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या आडभिंतीच्या) पुढे मात्र त्यांच्याकडे बघायचं नाही.

उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरला जाऊन एचएएलच्या (म्हणजे त्याच कारखान्याच्या) संग्रहालयातलं एचटी-२ ही बघून आलो. संग्रहालयातल्या विमानाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पत्र्याचे जोड, रिव्हेटच्या ओळी, पायऱ्या, झाकणं यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, रंगावर अजिबात नको. उघड्यावर उभ्या विमानाला किती वेळा रंग दिला असेल, कुणी आणि कोणत्या डब्यातून, देव जाणे. फोटो काढताना जवळ जाऊन मोबाइल वर धरू नका, नाक फुगतं आणि शेपटी आखडते. जमेल तितकं लांब जा, झूम करा आणि बरोबर बाजूने काढा. चाकाशेजारी जमिनीवर फूटपट्टी ठेवली की पुढे माप काढायला आधार मिळतो.

ड्रॉइंगसाठी पंखांचा विस्तार १०.७२ मीटर आणि लांबी ७.५३ मीटर धरली. १:४८ ला हे साधारण २२३ आणि १५७ मिमी होतं. बाकीची मापं फोटोवरून. इथे मदत झाली ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका ओळखीच्या अण्णांची. आयुष्यभर चादरींची जॅकार्ड (विणून उठवलेल्या नक्षीची) डिझाइनं ग्राफ पेपरवर उतरवण्यात गेलं त्यांचं. माझा फोटो आणि कोरा ग्राफ बघून म्हणाले, "आधी चौकटी जुळव रे, रेघ मग मार." फोटोवर चौकटी आखल्या, ग्राफवर त्याच प्रमाणात घेतल्या आणि काउलिंगची खालची वक्र रेघ एका बैठकीत उतरली. सॉफ्टवेअरने हेच होतं म्हणा, पण अण्णांचा हात सॉफ्टवेअरपेक्षा बरा.

कॉकपिटसाठी एक युक्ती. त्या काळची मोठी डायल सुमारे ८० मिमी व्यासाची असते. फोटोत ती सापडली की पॅनेलची रुंदी, स्विचमधलं अंतर, सगळं तिच्या पटीत मोजता येतं. १:४८ ला ती पावणेदोन मिमीच्या आतच बसते, त्यामुळे डायलच्या आत फार जीव ओतण्यात अर्थ नाही.

कृष्णधवल फोटोवरून रंग ठरवू नका. जुन्या फोटोत केशरी आणि हिरवा जवळपास एकाच करड्या छटेत येऊ शकतात. १९५० पासूनचं आपलं राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह) बाहेर केशरी, मग पांढरं, मधे हिरवं. ते मी साध्या डेकल पेपरवर (मॉडेलवर चिकटवायच्या चित्रांच्या कागदावर) छापून घेणार आहे, खाली पांढरा थर देऊन. तो नसला तर केशरी मळकं दिसतं.

आता कॅनॉपीचा लाकडी साचा घासायला घेतलाय. त्याआधी एक हवंय. कुणाच्या घरी वडील-आजोबांच्या एअर फोर्समधल्या दिवसांचा अल्बम असेल, तर सिरसवाल्या नाकाचा उजव्या बाजूचा फोटो शोधून बघा. स्कॅन ६०० डीपीआयला करा आणि फोटोची मागची बाजूही करा. साल आणि ठिकाण बहुतेक तिथेच पेन्सिलीने लिहिलेलं असतं.