ठरलेली तीन वर्षं

परवा संध्याकाळी शेजारच्या मावशींकडे चहाला गेले होते. मावशी इथल्याच, मॉरिशसच्या मराठी. घरात क्रेओल बोलतात, पण गणपतीच्या आरत्या अख्ख्या तोंडपाठ. बोलता बोलता आपल्याकडचं मुख्यमंत्रिपद वाटून घेण्याचं ‘अडीच-अडीच वर्षं’ प्रकरण निघालं. मी म्हणाले, असला करार कुठे पाळला जातो का? मावशी भोजपुरी वळणाच्या हिंदीत पटकन म्हणाल्या, “हमारे यहाँ हुआ है.” मला ते लागलं. घरी येऊन रात्री उशिरापर्यंत त्याबद्दलच वाचत बसले.

माणूस अनिरुद्ध जगन्नाथ. १९८२ मध्ये त्यांच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या आणि ते पंतप्रधान झाले. वर्षाच्या आत त्यांचं आघाडीतले सहकारी पॉल बेरांजे यांच्याशी फाटलं. जगन्नाथांनी वेगळा पक्ष काढला आणि १९८३ ची निवडणूकही जिंकली. पुढे दोघं पुन्हा एकत्र आले, देश प्रजासत्ताक झाला, १९९३ मध्ये जगन्नाथांनी बेरांजेंना मंत्रिमंडळातून काढलं. १९९५ मध्ये जगन्नाथांच्याच वाट्याला साठविरुद्ध शून्य आलं, या वेळी शून्य त्यांचं.

एवढं झाल्यावर २००० मध्ये हेच दोघं करार करतात. पहिली तीन वर्षं जगन्नाथ, पुढची दोन बेरांजे. बासष्टपैकी चौपन्न जागा मिळतात. आणि ३० सप्टेंबर २००३ ला खरोखर बेरांजे शपथ घेतात! जिथे जवळपास निम्मे लोक हिंदू आहेत आणि तोवरचे सगळे पंतप्रधान हिंदूच, तिथे मूठभर फ्रेंच वंशाच्या गोऱ्यांमधला माणूस पंतप्रधान झाला. जगन्नाथ राष्ट्रपती झाले, पण इथलं ते पद आपल्यासारखंच मानाचं, सत्तेचं नव्हे. मुलगा प्रविंद उपपंतप्रधान झाला, हेही खरं. तरी पंतप्रधानाची खुर्ची ठरल्या दिवसांत रिकामी केली, यातलं काही कमी होत नाही.

आपली बाजू मी मनात मांडून पाहिली. इथे साडेबारा लाख माणसं, आपल्याकडे नुसत्या विधानसभेच्या २८८ जागा. पक्ष किती, जिल्हे किती. पण ज्याच्याशी दोनदा बिनसलं त्याच्यासाठी उठणं लहान देशातही सोपं नसणार. आपल्या सरकारने २०२० मध्ये त्यांना पद्मविभूषण दिलं तेव्हा मी बातमीचा मथळाही नीट वाचला नव्हता, याचं आता वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना जगन्नाथांचं कौतुक ऐकवायला गेले, तर त्यांनीच २०१७ काढलं. त्या जानेवारीत जगन्नाथांनी राजीनामा दिला आणि निवडणूक न होता प्रविंद पंतप्रधान झाले. बहुमत त्यांच्याकडे होतं, घटनेत बसत होतं, असं मी म्हणत राहिले. मावशी मान हलवत राहिल्या. मत आम्ही बापाला दिलं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं.

मग त्यांनी २०१८ चं सांगितलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे जगन्नाथ हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात हिंदी महासागरातल्या चागोस बेटांसाठी उभे होते. १९६५ मध्ये मॉरिशसच्या स्वातंत्र्यासाठी लंडनला झालेल्या ज्या वाटाघाटींच्या वेळी ब्रिटिशांनी ती बेटं तोडून घेतली, त्या वाटाघाटींना ते स्वतः हजर होते. पुढच्या फेब्रुवारीत न्यायालयाचं मत मॉरिशसच्या बाजूने आलं.

“भाषण पूरा सुना,” मावशी म्हणाल्या. “उठी नहीं.”