तिची फाईल आणि माझा एक कागद

लग्नाला तीन वर्षं झाली तरी मूल होत नव्हतं, तेव्हा आमच्या कपाटात वरच्या खणात एक निळी फाईल होती. तिच्यात बायकोचे अकरा रिपोर्ट. सोनोग्राफ्या, थायरॉईड, एएमएच म्हणजे स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी, आणि गर्भनळ्यांचा तो एक्स-रे. तो काढून येताना ती रिक्षात पोट धरून वाकून बसली होती. माझ्या नावाचा एकही कागद त्या फाईलीत नव्हता. कुणी मागितला नाही आणि मीही स्वतःहून दिला नाही. आई तिला सोमवार धरायला सांगायची आणि मी शेजारी बसून जेवत राहायचो. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर होतो. नऊ वर्षं. भट्टीतलं मेटल चौदाशे डिग्रीच्या वर असतं. स्लॅग, म्हणजे वितळलेल्या मेटलवरची मळी, काढायला लांब सळई घेऊन तोंडाशी उभं राहिलं की चामड्याच्या एप्रनखाली पँट अंगाला चिकटते. पट्ट्याचं बक्कल इतकं तापतं की उघड्या बोटानं धरवत नाही. त्या बक्कलच्या खाली काय आहे याचा विचार नऊ वर्षांत एकदाही केला नाही. जोडीला दिवसाला चार-पाच मावा पुड्या, रात्रपाळी, सकाळी आठला झोपायचं आणि दुपारी एकला उठायचं.

दवाखाना बदलला तेव्हा नव्या डॉक्टर मॅडमनी फाईल चाळली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "तुमचा रिपोर्ट?" मी बायकोकडं पाहिलं. ती खाली बघत होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मूल राहत नाही अशा निम्म्या जोडप्यांमध्ये कारण पुरुषात किंवा दोघांतही असतं. आणि तुमची तपासणी तर सगळ्यात सोपी आहे."

सोपी म्हणजे सुई नाही, इतकंच. लॅबमधल्या बाथरूमची कडी लागत नव्हती, बाहेर लोक बसलेले. त्या घाईत सुरुवातीचा भाग डबीबाहेर गेला. लाज वाटून मी ते कुणाला सांगितलं नाही. रिपोर्ट वाईट आला तेव्हा मॅडमनी नेमकं तेच विचारलं. सुरुवातीच्या भागातच शुक्राणू जास्त असतात, त्यामुळं तो सांडला तर रिपोर्टला अर्थ राहत नाही. पुन्हा करायला सांगितलं: तीन दिवस संबंध नको, नमुना घरी घेतला तरी चालेल, पण तासाच्या आत लॅबमध्ये पोचला पाहिजे आणि गार पडता कामा नये. दुसऱ्या वेळी डबी शर्टाच्या आत, छातीशी धरून गाडीवरनं गेलो.

एका मिलिलिटरमागं 60 लाख शुक्राणू. हालचाल करणारे 22 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये दिलेली खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आणि 42 टक्के अशी आहे. त्याच्या खाली म्हणजे मूल होणारच नाही असं नव्हे, पण वाट लांबते.

मग मॅडमनी तासभर माझीच चौकशी केली. गालगुंड झालं होतं का, सहा महिन्यांत मोठा ताप आला होता का, तालमीत किंवा जिममध्ये कसलं इंजेक्शन घेतलंय का. अंग भरायला घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणू बनणंच थांबवतं, हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगणं, नव्हतं, रक्तातले हार्मोन ठीक होते. राहिली भट्टी आणि मावा. "वृषण शरीराबाहेर असतात ते उगीच नाही," त्या म्हणाल्या, "त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार डिग्री गारवा लागतो. यातलं नेमकं कशानं झालं हे मी छातीठोक सांगणार नाही. पण दोन्ही सोडून बघू."

एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, पुढं बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस. म्हणजे आज मावा सोडला तर फरक तीन महिन्यांनी दिसणार. हे तीन महिने मला सगळ्यात जड गेले. मावा सुटताना पहिले दहा दिवस डोकं धरलेलं असायचं. बडीशेपेची पुडी खिशात ठेवली, घट्ट जीन्स सोडली.

भट्टीवरनं इन्स्पेक्शनला बदली मागताना मी आधी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, "पट्टा बांध." दुसऱ्या दिवशी परत गेलो आणि खरं बोललो. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग सही केली. भट्टीचा भत्ता गेला. बायको म्हणाली, "जाऊ दे हो, तेवढ्यात भागवू."

आईला मी स्वतः बसवून सांगितलं, "दोष तिच्यात नाही. माझा रिपोर्ट कमी आलाय." आई रडली. पण त्या आठवड्यापासून उपासाचं बोलणं बंद झालं.

साडेतीन महिन्यांनी 1 कोटी 10 लाख. त्यानंतरच्या रिपोर्टात 1 कोटी 90 लाख आणि 41 टक्के. दिवाळीच्या आधी तिची पाळी चुकली. आता पाचवा महिना चालू आहे.

मॅडमनी एकदा कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपची गोष्ट सांगितली होती. तिथं डीबीसीपी नावाचं कीटकनाशक बनवणारे कामगार आपसात बोलायला लागले, तेव्हा आपल्यापैकी बऱ्याच जणांना मूल होत नाहीये हे त्यांच्या ध्यानात आलं. 1977 मध्ये तपासणी झाली तेव्हा कित्येकांमध्ये शुक्राणू अगदी कमी किंवा नव्हतेच. म्हणजे ते बोलले म्हणून कळलं. आमच्या शॉपमध्ये पगारावर, मॅचवर, सगळ्यावर बोलणं होतं, यावर कधीच नाही.

म्हणून मी डबा खाताना भट्टीवरच्या पोरांना सगळं सांगून टाकलं, आकड्यांसकट. कुणी हसलं नाही. सुट्टी झाल्यावर पार्किंगमध्ये एकजण गाडीला किक न मारता उभा होता. "भावा," तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या हिचा पण एक्स-रे सांगितलाय सोमवारी." मी त्याला लॅबचा पत्ता दिला. तीन दिवसांचं आणि तासाभराचं नीट समजावलं, आणि कडी नीट लागत असेल तरच तिथं थांब, नाहीतर घरनं घेऊन जा म्हणालो. सोमवारच्या आधी जाऊन येतो म्हणाला.