‘रिलॅक्स व्हा’ न म्हणता काढलेले ग्रुप फोटो

कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्या माणसाचे खांदे आपोआप वर चढतात. एकच माणूस असेल तर इकडच्या-तिकडच्या गप्पा मारून ते खाली आणता येतात. पंधरा जण असले की मात्र एकाचं अवघडणं शेजारच्याला लागतं. बघता बघता अख्खा घोळका शाळेच्या वर्गफोटोसारखा ताठ होऊन जातो.

मी नोकरी सांभाळून फोटोग्राफी करते. परवा ओळखीतल्या एका कुटुंबाने तीन पिढ्यांचे एकत्र फोटो काढायला बोलावलं होतं. बागेत, संध्याकाळच्या उन्हात, आजी-आजोबांपासून दोन वर्षांच्या नातीपर्यंत सगळे. धाकट्या सुनेने फोनवरच सांगून ठेवलं, “ताई, आमच्या बाबांना फोटो म्हटलं की वैताग येतो. दहा मिनिटांत खुर्ची सोडतील.” असं एक माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतंच, आणि माझ्या मते ते असणं बरंच. तो माणूस सैलावला की बाकीच्यांचं काम सोपं होतं.

फोनवर मी कपड्यांबद्दल एवढंच सांगितलं की रोज घालता त्यातले चांगले घाला, कोरे नकोत. नवा कपडा काचत असेल तर माणूस सारखा खांदा ओढतो, पदर सारखा करतो, आणि तेच चेहऱ्यावर येतं. मोठ्या नक्षीचे कपडेही टाळायला सांगितले. रंग जुळवायची मात्र सक्ती केली नाही.

बागेत मी मंडळींच्या बरीच आधी पोहोचले. उन्हासाठी जागा शोधायची होती, पण त्याहून जास्त बघ्यांसाठी. आपल्याकडे येणारे-जाणारे बघताहेत हे दिसलं की भलेभले आखडतात. म्हणून चालायच्या वाटेपासून लांबचा कोपरा निवडला आणि सगळ्यांची पाठ वाटेकडे येईल असं ठरवलं. वाटेवरून कुणी थबकून बघत राहिलं तरी आमच्या लोकांना ते दिसत नाही. सूर्यही त्यांच्या मागेच राहत होता. समोरून ऊन डोळ्यांत जात असताना कुणाला प्रसन्न दिसायला सांगणं म्हणजे छळ आहे. झाडाखाली पानांतून उन्हाचे कवडसे पडत होते, ते टाळून सावलीच्या कडेला जागा धरली.

कॅमेऱ्याचं सगळं ते यायच्या आत उरकलं. दोन रांगा नीट फोकसमध्ये याव्यात म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, एफ ८ एवढं लहान, शटर १/२५० सेकंद उघडं राहील असं, लेन्स ५० एमएमची. फार वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारी, लेन्स घेऊन जवळून काढलं तर कडेची माणसं पसरट दिसतात. कडेला उभी असलेली वहिनी स्वतःला एकदा तसं बघते आणि मग पुढचा सगळा वेळ पोट आत ओढून उभी राहते. सेटिंग आधीच करण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फोटोग्राफर कपाळाला आठ्या घालून गप्पपणे स्क्रीनकडे बघायला लागला की समोरच्याला वाटतं, आपणच वाईट दिसतोय. आठी असते एक्स्पोजरची, म्हणजे फोटोत उजेड किती येतोय याची, लोक ती स्वतःवर घेतात.

मंडळी आली तेव्हा पहिलं वाक्य वेळेचं होतं. “वीस मिनिटं लागतील. पहिला फोटो सगळ्यांचा, मग आजी-आजोबांचा, त्यानंतर ते दोघं मोकळे. पुढचे लहान लहान गट.” आजोबांनी घड्याळ बघितलं, मान हलवली आणि खुर्चीत मागे टेकून बसले. किती वेळ आणि काय करायचंय हे कळलं की निम्मा ताण तिथेच जातो.

मग उभं करणं. उंचीप्रमाणे रांग मी लावत नाही. आजी-आजोबा खुर्च्यांवर, त्यांच्याभोवती ज्याचं-त्याचं छोटं कुटुंब एकत्र, डोकी वर-खाली. खरी अडचण हातांची असते. उभं राहिल्यावर आपले हात एवढे लांब आहेत हे माणसाला पहिल्यांदाच जाणवतं. म्हणून प्रत्येकाच्या हाताला काम दिलं: एकाचा हात खुर्चीच्या पाठीवर, एकाचा अंगठा खिशात, एकीच्या कडेवर पोर, दोघी बहिणी हातात हात घालून. “एका पायावर भार टाका” असं सांगण्याऐवजी मी स्वतः तशी उभी राहिले. दाखवलं की लोक बघून करतात, सांगितलं की विचार करून करतात, आणि विचार करणाऱ्याचे गुडघे ताठ होतात. शिवाय माझी ती पोज बघून कॉलेजातली दोन मुलं फिदीफिदी हसली, तेही उपयोगीच पडलं.

कॅमेरा ट्रायपॉडवर आणि रिमोट हातात. ग्रुपसाठी मला याशिवाय चालतच नाही. कॅमेऱ्याआड तोंड लपवलं की लोकांना काचेच्या डोळ्याशी बोलावं लागतं. मी शेजारी उभी असले की ते माझ्याशी बोलतात.

तेवढ्यात नातीने एक सँडल काढून भिरकावली. लगेच चार आवाज उठले, “इकडे बघ, सोनू, इकडे बघ!” इथे माझा एक पक्का नियम आहे, तो मी मोठ्याने सांगितला: लहान मुलीकडे कुणीही बघायचं नाही, तिचं काम माझं. ती आकाशात बघो, तुम्ही माझ्याकडे बघायचं. नाहीतर होतं काय, ती ज्या क्षणी कॅमेऱ्यात बघते नेमके त्याच क्षणी सगळे मोठे तिच्याकडे बघत तोंडं वेंगाडत असतात. सँडल मात्र आजोबांच्या हातात दिली. “आजोबा, एवढा बंद लावा ना तिचा.” तोवर त्यांची मूठ मांडीवर घट्ट आवळलेली होती. आता ते खाली वाकले, बंद दोनदा निसटला, तिने त्यांच्या टकलावर हात ठेवला. मी रिमोट दाबत राहिले. वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता.

“हसा” म्हटलं की फक्त ओठ हसतात. द्यूशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच दाखवून दिलं होतं की खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, आणि तो हुकमावर सहसा हलत नाही. म्हणून मी प्रश्न विचारते. “घरात सगळ्यात उशिरा कोण उठतं? त्याच्याकडे बोट दाखवा.” चौदा बोटं एकाच दिशेने गेली, धाकटे काका “खोटं आहे!” म्हणून ओरडले, एकच गलका. पण फोटो त्या गलक्यात मिळत नाही. तेव्हा तोंडं उघडी आणि डोळे मिटलेले असतात. हसू ओसरायला लागतं, लोक पुन्हा माझ्याकडे वळतात, त्या दोन सेकंदांत मी बर्स्ट मारते, म्हणजे एकामागून एक भराभर फोटो काढते. विनोद कुणाच्या वजनावर, केसांवर, रंगावर मात्र कधीच नाही. एक जण दुखावला की बाकीचेही सावध होतात.

मिटलेल्या डोळ्यांचं गणितही समजून घेण्यासारखं आहे. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो. पंधरा जणांत कुठल्याही क्षणी कुणाची तरी पापणी खाली असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून सगळ्यांना डोळे मिटायला लावायचे, तीन आकडे मोजायचे, “उघडा” म्हणायचं आणि लगेच चार-पाच फ्रेम काढायच्या.

“हलू नका” हे शब्द मी वापरत नाही. १८३९ मध्ये डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या प्लेटवर फोटो काढण्याचा सुरुवातीचा प्रकार, जगासमोर आला तेव्हा एकेका प्लेटला काही मिनिटं लागत, आणि पुढे स्टुडिओत डोकं स्थिर राहावं म्हणून मागे लोखंडी आधार लावत. त्यांचा नाइलाज होता. १/२५० सेकंदात काम होत असताना आपण माणसांना का गोठवायचं? छोट्या गटांना तर मी चालायलाच लावलं: हळू, गप्पा मारत, माझ्या दिशेने. तेवढ्यापुरतं शटर १/५०० केलं.

मोठ्या आत्यांना हे काही पटलं नव्हतं. “एक तरी सरळ रांगेतला, नीट फोटो काढ गं.” काढला. काही माणसांना सरळ उभं राहण्यातच बरं वाटतं, त्यांना उगाच झुकवायला गेलं तर तीच अवघडतात. स्क्रीनवरचे फोटो मी सगळ्यांना दाखवत नाही, जो तो स्वतःचं नाक शोधत बसतो. फक्त आजोबांना सँडलचा फोटो दाखवला. “बरा आलाय,” म्हणाले, आणि वीस मिनिटं उलटून गेली तरी खुर्चीत बसून होते.

घरी येऊन निवड करताना सगळ्यांच्या फोटोत काकांचे डोळे मिटलेले निघाले. पुढच्याच फ्रेममध्ये ते उघडे होते. कॅमेरा ट्रायपॉडवरून हलला नव्हता, त्यामुळे दोन फ्रेम एकमेकींवर नेमक्या बसल्या आणि चेहरा बदलून घ्यायला फार खटपट करावी लागली नाही.