घली चला!
अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर, म्हणजे दरीच्या दक्षिण काठावर, आज दुसरा दिवस. लेक अडीच वर्षांची, ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) १९६४चा, शॅस्टा कंपनीचा, मागे पत्र्याचे दोन पंख असलेला. दोघांपैकी कुणाचं कधी बिनसेल, सांगता येत नाही.

सकाळी तिला कडेवर घेऊन मेदर पॉइंटला गेलो. समोर जवळजवळ १ मैल खोल दरी, आणि बाईसाहेबांना हवी होती खारूताई! (इथल्या खारींना खायला द्यायला बंदी आहे. हे तिला कोण समजावणार?) पाच मिनिटांत "घली चला". घर म्हणजे ट्रेलर.

आत जेवायचं टेबल खाली केलं की त्याचाच पलंग होतो. हा चमत्कार तिने आज अकरा वेळा करायला लावला. माझी कंबर गेली. मेदर कॅम्पग्राउंडला वीज-पाण्याची जोडणी नाही, म्हणून कंदिलाच्या उजेडात मुगाची खिचडी. त्यातली निम्मी गादीवर. जवळपास ७,००० फुटांवर रात्री चांगलंच गारठतं, आणि आजीची गोधडी तिघांत एक.

दहानंतर इथे शांतता पाळायची असते. आत्ता साडेदहा झालेत, चांदण्यात बाहेर एल्क (भलंमोठं हरीण) उभा आहे आणि ही खिडकीला नाक लावून ओरडतेय, "हम्मा! हम्मा!"