आमची वाटचाल : खुरप्यापासून बांबूच्या घरट्यापर्यंत

आमचं दुकान कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरला लागून. पुढं दुकान, मागं भट्टी. घरच्या बागेला, टेरेसला, बाल्कनीला लागणारं सामान आम्ही ठेवतो आणि त्यातलं बरंचसं स्वतः बनवतो. येणारे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात, एक म्हणजे लोहारकाम करणारं घर बागेच्या सामानात कसं काय आलं आणि दुसरा, अमुक गोळ्या, तमुक जाळी सगळीकडं मिळते मग तुम्हीच का ठेवत नाही. उत्तर जरा लांबलचक आहे म्हणून एकदा लिहूनच काढते.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणतो, ते विळे, खुरपी, कोयते बनवायचे. उद्यमनगर म्हणजे ऑइल इंजिनं आणि कास्टिंगचा भाग, लेथ आणि फाउंड्रीच्या मधे आमची छोटीशी भट्टी. ट्रकचा जुना कमान पाटा आणायचा, तापवून ठोकायचा, धारेला पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायचं, बाभळीची मूठ बसवायची. ऊसपट्ट्यातला शेतकरी एक खुरपं घेऊन गेला की ते झिजून निम्मं होईपर्यंत वापरायचा. मग रानात तणनाशक आलं. भांगलणीला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला, माणसं मिळेनात आणि पंप पाठीवर घेतला की काम लगेच उरकतं, त्यामुळं खुरप्याचं गिऱ्हाईक वर्षागणिक कमी होत गेलं. मामांना धंदा बसला याचं वाईट वाटायचंच पण त्याहून जास्त बांधावरचं गवत पिवळं पडलेलं बघून वाटायचं. तांदुळजा, पाथरी, घोळ या रानभाज्या, सगळं एका फवाऱ्यात जायचं, आणि त्यावर येणारी फुलपाखरं, मुंग्या, चिमण्या पण.

भट्टी बंद करायच्या विचारात असतानाच गच्चीवर बाग करणारे लोक यायला लागले. त्यांना शेतातलं खुरपं मोठं होतं, कुंडीत घातलं की काठ तरी फुटायचा नाहीतर मुळं तरी तुटायची, आणि बाजारातली पत्र्याची रंगीत खुरपी ओल्या मातीत वाकायची. मामांनी त्याच पाट्याचं बोटभर रुंदीचं खुरपं करून दिलं. ते अजूनही आमचं सगळ्यात जास्त खपणारं सामान आहे. धार गेली तर आणून द्या, आम्ही लावून देतो, पैसे घेत नाही. एक चांगलं अवजार वीस वर्षं चालतं, दर पावसाळ्याला नवीन पत्रा आणून गंजवायचा आणि कचऱ्यात टाकायचा यापेक्षा मोठी पर्यावरणाची सेवा मला तरी माहीत नाही.

खुरप्यासोबत लोक बाकीचं पण मागायला लागले म्हणून दुकान टाकलं. होलसेलवाले गाडी भरून माल दाखवायचे, आणि तिथंच खरं काम सुरू झालं, म्हणजे काय ठेवायचं यापेक्षा काय ठेवायचं नाही हे ठरवायचं काम.

पहिल्या नंबरवर गोगलगाईच्या गोळ्या. आमच्याकडं पावसाळ्यात आफ्रिकन गोगलगाय काय उच्छाद मांडते ते इथल्या बागवाल्यांना सांगायला नको, 2022 साली तर लातूर-बीडकडं तिनं कोवळं सोयाबीन अख्खंच्या अख्खं फस्त केलं होतं. त्यावर मेटाल्डिहाइड नावाच्या विषाच्या गोळ्या मिळतात. गोगलगाय त्यानं मरते हे खरंय. पण त्या गोळ्या गोडसर कोंड्यात बनवलेल्या असतात त्यामुळं कुत्री पण त्या आवडीनं खातात, आणि मग झटके, थरथर, वेळेत डॉक्टर मिळाला नाही तर जनावर जातं. एका गिऱ्हाईक काकूंच्या घरातलं पिल्लू असंच गेलं, गोळ्या शेजारच्या बागेत टाकल्या होत्या. शिवाय गोगलगाय खाणारे भारद्वाज आपल्याच परसात फिरत असतात, फुकटात काम करणारा पक्षी आहे तो, त्याच्या ताटात विष कशाला? आम्ही त्याऐवजी गोणपाट देतो. संध्याकाळी ओलं करून वाफ्याच्या कडेला टाकायचं, खाली पपईची सालं नाहीतर कोबीची पानं, सकाळी उचललं की सगळ्या गोगलगाई तिथंच गोळा झालेल्या असतात. हातमोजे घालूनच वेचा, कारण या गोगलगाईमधून माणसाला मेंदूचा आजार देणारा जंत येऊ शकतो, लहान मुलांना तर अजिबात हात लावू देऊ नका. वेचलेल्या घट्ट मिठाच्या पाण्यात टाकायच्या आणि नंतर खोल खड्ड्यात पुरायच्या. जून-जुलैत नेमानं केलं तर ऑगस्टमध्ये फरक दिसतोच.

दुसरी, जाळी. चिकू, पेरू, डाळिंबावर लोक ती बारीक नायलॉनची मोठ्या भोकाची जाळी टाकतात, स्वस्त असते, दिसत पण नाही. दिसत नाही हाच तर घोळ आहे. बुलबुल अडकतात, वटवाघूळ रात्री येतं आणि पंख गुंतून सकाळपर्यंत लटकत राहतं, आणि जमिनीपर्यंत आलेल्या टोकात धामण घुसली की खवल्यांमुळं तिला पुढंही जाता येत नाही आणि मागंही येता येत नाही. एवढे उंदीर खाणारा साप आपल्या बागेत असा मरावा हे मला बघवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 2021 पासून नियम आहे की घरगुती फळझाडावरच्या जाळीचं भोक ताणल्यावर 5 मिमी बाय 5 मिमीच्या आतच पाहिजे. आम्ही तोच नियम आपला म्हणून घेतला. त्यापेक्षा मोठ्या भोकाची जाळी दुकानात नाही. जी आहे ती पांढरी आणि जाड विणीची, जनावराला अंधारात पण जाणवते, आणि ती झाडावर नुसती टाकायची नाही, सांगाड्यावर ताणून बांधायची. त्याहून सोपं सांगू का, पातळ मलमलीच्या नाडीवाल्या पिशव्या आम्ही शिवून घेतो, मोजकी फळं पिशवीत घाला आणि वरच्या फांद्यांवरची पाखरांना राहू द्या. उंदराचे चिकट पॅड तर विचारू पण नका. त्यात पाली, सरडे, दयाळ पक्षी चिकटलेले मी डोळ्यांनी बघितलेत. उंदराला पिंजरा देतो.

आता माश्यांसाठीच्या बांबूच्या घरट्याविषयी, कारण यात माझा सगळ्यात जास्त जीव आहे.

फुलांवरची माशी म्हटलं की आपल्याला मोहोळच आठवतं. पण बागेत येणाऱ्या कितीतरी माश्या एकेकट्या राहतात, त्यांना पोळं नसतं, राणी नसते, मध काढायचं नसतं, आणि एरवी त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. गुलाबाच्या पानाला कडेनं गोल कात्री मारल्यासारखं कापलेलं दिसलं की लोक औषध मागायला येतात. ती कीड नाही हो, ती पानकाप्या माशी, ती पानं खात नाही, पोकळ नळीत नेऊन पिल्लांसाठी खोल्या बनवते. तसाच काळा भुंगा, तीही एकटी राहणारी माशीच, आणि पोटावर निळे पट्टे असलेली ती चपळ माशी. टोमॅटो आणि वांग्याचं फूल असं असतं की परागकण हलवून काढावे लागतात, हा भुंगा आणि ती निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला धरून अंग थरथरवतात आणि पराग खाली पडतो, मधमाशीला ते जमत नाही. गच्चीवर टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी विचारते की तुमच्याकडं भुंगा येतो का.

बांबू शाहूवाडी, राधानगरीकडून येतो आणि काम बुरूड गल्लीतल्या कारागिरांचं. बांबू थंडीत तोडलेला लागतो, मग काही आठवडे पाण्यात भिजत ठेवायचा म्हणजे त्यातली साखर-पिष्ट निघून जातं आणि पुढं कीड लागून भुसा पडत नाही. औषधात बुडवलेला बांबू चालत नाही, ज्यांच्यासाठी घर करायचं त्यांनाच मारण्यात काय अर्थ. एका बाजूला पेर बंद, दुसरी बाजू उघडी, लांबी वीतभर, भोकं 4 ते 10 मिमीची पानकाप्या माशीला आणि 12-15 ची भुंग्याला. भोकाच्या कडा पॉलिश करून गुळगुळीत कराव्या लागतात, नाहीतर पंख फाटतात, आणि बाजारात शोसाठी मिळणाऱ्या घरट्यांत नेमकं हेच केलेलं नसतं. पूर्वेला तोंड करून, पाऊस लागणार नाही असं छपराखाली टांगा. निळ्या पट्ट्यांची माशी मात्र यात राहत नाही, ती मातीत बीळ करते, तिच्यासाठी कोपऱ्यात थोडी उघडी माती सोडा, सगळीकडं फरशी घालू नका.

चिमणीच्या लाकडी खोक्याला आम्ही 32 मिमीचं भोक ठेवतो, चिमणी जाते आणि साळुंकी जात नाही. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी 20 मार्चचा चिमणी दिवस सुरू केला तेव्हापासून मार्चमध्ये खोक्यांना मागणी येते, आनंद आहे, पण मी प्रत्येकाला सांगते की मोठी चिमणी दाणे खाते तरी पिल्लाला लुसलुशीत अळ्याच लागतात, तेव्हा खोकं टांगून झाडावर कीटकनाशक मारलंत तर पिल्लू उपाशी राहणार. कढीपत्त्यावरच्या अळ्या राहू द्या, ती कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लाय या फुलपाखरांची लेकरं आहेत. रुईवर प्लेन टायगर येतं, पानफुटीवर रेड पिएरो. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, 2015 ला जाहीर झालं, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं, ते कोल्हापुरातल्या कितीतरी बागांत दिसतं. रोपं आम्ही विकत नाही पण बिया आणि यादी देतो, फुकट.

मग रस शोषणारी कीड, म्हणजे मावा आला, मिलीबग (पिठ्या ढेकूण) आला तर काय करायचं? आधी पाण्याचा जोरात फवारा. नाहीच हटलं तर निंबोळी अर्क, लिटरला 50 ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून, आणि फवारायचं संध्याकाळीच, कारण एक तर उन्हात त्याचा जोर लवकर जातो आणि दुसरं म्हणजे तोवर माश्या घरी गेलेल्या असतात. उघड्या फुलांवर मारू नका. आणि मिलीबगच्या घोळक्यात पांढऱ्या झिपऱ्या घेतलेली जरा मोठी, भराभर चालणारी अळी दिसली तर थांबा, ती लेडीबर्ड या छोट्या किड्याच्या एका जातीची अळी आहे, मिलीबग खाते. लोक तीच आधी चिरडतात म्हणून काउंटरवर तिचा मोठा फोटोच लावलाय.

2019 चा महापूर आणि परत 2021 चा, दोन्ही वेळेला आमच्या कुंड्या करणाऱ्यांच्या घरात पाणी गेलं, शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पला. कच्चा माल वाहून गेला. तेव्हा पुढच्या सीझनच्या कुंड्यांचे पैसे आम्ही आगाऊ दिले, गिऱ्हाइकांनीही आगाऊ बुकिंग केलं, कुणी प्लॅस्टिकच्या कुंड्या घेऊन मोकळं झालं नाही, ते मी विसरणार नाही. पक्ष्यांच्या पाण्याची उथळ परात तेव्हापासून तेच करतात, दोन इंच खोल, आतून खरबरीत म्हणजे पाय घसरत नाही, मधे दोन दगड ठेवा म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदला, आठवडाभर तसंच राहिलं तर त्यात डासांची पैदास होते.

प्लॅस्टिकच्या ग्रो बॅगचं, म्हणजे रोपं लावायच्या पिशव्यांचं काय, हे अजून पूर्ण सुटलेलं नाही. दोन-तीन उन्हाळ्यात त्यांचा भुगा होऊन मातीत मिसळतो, ताग एका पावसाळ्यात कुजतो, काथ्याच्या कुंड्या बऱ्या पण महाग. सध्या आम्ही रंगाचे जुने डबे, ड्रम साफ करून, भोकं पाडून कमी किमतीत देतोय आणि काथ्याच्या कुंडीचा भाव खाली कसा आणता येईल ते बघतोय. नायलॉनची दोरी मात्र बंदच केली, वेल बांधायला काथ्या नाहीतर सुतळी.

भट्टी आता माझा दीर बघतो, मामा रोज सकाळी येऊन धारेला पाणी द्यायचं काम अजून स्वतःच करतात. आणि जून जवळ आलाय, म्हणजे निंबोळ्यांचा सीझन. ज्यांच्या दारात, शाळेत, देवळाच्या आवारात कडुनिंब आहे त्यांनी पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून आणाव्यात, आम्ही किलोवर विकत घेतो. बुरशी धरलेल्या घेत नाही, आणि झाडावरच्या ओरबाडू नका, त्या बुलबुल, कोकिळा खातात.