सावद्याच्या ‘डाउनलोड्स’मधले सातबारे

केळीच्या विम्याचे अर्ज भरायचे शेवटचे दोन दिवस. दुपारी सावद्याहून ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या ताईंचा फोन आला. “दादा, सगयं गेलं!” पुढे त्यांच्याच्यानं बोलवेना.

कॉम्प्युटर रखडत होता, जागा संपत आल्याने सी ड्राइव्ह लाल झाला होता. एक व्हिडिओ बघून त्यांनी विंडोजचं डिस्क क्लीनअप उघडलं आणि दिसेल त्या चौकटीत टिक केली. त्यातली एक चौकट ‘डाउनलोड्स’ची. शेतकऱ्यांचे सातबारे, आठ-अ, आधार, पासबुक, बागेचे जिओ टॅग (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो, सगळं त्याच फोल्डरमध्ये. स्कॅनरही तिथेच सेव्ह करायचा. रीसायकल बिन रिकामी, कारण क्लीनअप फाइल तिकडे पाठवतच नाही, थेट काढून टाकतं.

“ताई, मशीन लगेच बंद करा. ब्राउझरसुद्धा उघडू नका.”

भुसावळहून निघालो, तापीचा पूल ओलांडला. मनात एकच प्रश्न होता, आत एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क, निघाली तर? तिच्यात ट्रिम नावाचं काम आपोआप चालू असतं आणि पुसलेल्या फाइलची जागा ते मोकळी करून टाकतं, मग हाती काही लागत नाही. कॅबिनेट उघडलं, तर जुनी फिरती हार्ड डिस्क. जीव भांड्यात पडला. अशा डिस्कवर फाइल पुसली की फक्त तिची नोंद जाते, मजकूर तिथेच असतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून तर मशीन बंद करायला लावलं.

डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि रिकुव्हा या पुसलेल्या फाइल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा डीप स्कॅन, म्हणजे सगळी डिस्क चाळणारा शोध, लावला. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकायचं नाही आणि सापडलेल्या फाइलही तिच्यावर परत ठेवायच्या नाहीत, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. स्कॅनला तीन तास लागले. शाबूत फाइलींचे हिरवे ठिपके बरेच, मधूनच हाती न लागणाऱ्यांचे लाल. बहुतेक फाइलींची नावं गेलेली, नुसते आकडे. मग एकेक उघडायची, मी गट नंबर वाचायचा, ताईंनी वहीतलं नाव सांगायचं. एका सातबाऱ्यात पिकाच्या रकान्यात ‘केळी’ स्वच्छ दिसलं, तशा त्या पदराने डोळे पुसू लागल्या.

ही ‘डाउनलोड्स’ची चौकट 2018च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज 10मध्ये घुसली. पुढच्या आवृत्त्यांतून ती काढली, पण ताईंची विंडोज जुनीच होती. टेम्पररी फाइल, अपडेटचा उरलेला कचरा, हे खुशाल काढा. पण माणूस ज्या फोल्डरमध्ये काम ठेवतो, ते कचऱ्याच्या यादीत घालणं मला आजही पटत नाही. तीच गोष्ट रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरची. त्याने कुणाचं मशीन खरंच पळायला लागलेलं मी पाहिलं नाही, बिघडलेली मात्र दुरुस्त केली आहेत.

140 पैकी 128 अर्जांची कागदं पूर्ण मिळाली. चौघांच्या बागेचे फोटो अर्धे करडे निघाले, आठ जणांचे सातबारे उघडेनात. ताईंनी वही पुढ्यात ओढली आणि एकेकाला फोन लावायला घेतला. त्यांचा मुलगा मोटारसायकलला किक मारून, उजेड आहे तोवर फोटो काढायला बागांकडे निघाला.