कियारोस्तामींना मराठीत आणताना

आमच्या चित्रपट मंडळानं इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामींवरचा माहितीपट दाखवायचं ठरवलं आणि मराठी सबटायटल्स माझ्याकडे आली. सैफुल्ला समदियान यांचा हा चित्रपट. कियारोस्तामी ४ जुलै २०१६ रोजी पॅरिसमध्ये गेले, त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो झळकला. लांबी ७६ मिनिटं १५ सेकंद, नावातही तेच आकडे: मिनिटं म्हणजे आयुष्याची वर्षं, सेकंद म्हणजे वरचे दिवस. समदियान 'एबीसी आफ्रिका' या कियारोस्तामींच्या माहितीपटासाठी त्यांच्याबरोबर युगांडात कॅमेरा घेऊन फिरलेले. त्यांच्या नजरेत जुन्या सोबत्याची ओढ जाणवते.

बोलणं कमी, आठवड्यात उरकेल असं वाटलं होतं. महिना लागला.

एका संध्याकाळी घरी ऐकत बसले होते. आई शेजारी मटार सोलत होती. 'बर्फ' कानावर पडलं तशी म्हणाली, "अगं, हे तर आपलंच!" दोस्त, जमीनसुद्धा आपलेच. पण फारसी शिकवणाऱ्या बाईंनी वेळीच सावध केलं. फारसीत गिलास म्हणजे चेरी! १९९७ साली कान महोत्सवात 'पाम द'ओर' हा सर्वोच्च पुरस्कार मिळवणाऱ्या कियारोस्तामींच्या चित्रपटाच्या मूळ नावात हाच गिलास आहे. त्यानंतर ओळखीचा शब्द आला की मी बाईंना विचारल्याशिवाय पुढे गेले नाही.

खरी अडले ती कुणी बोलत नसतं तिथे. कियारोस्तामी बर्फात फोटो काढताहेत आणि मी खाली माहिती भरलेली: १९७० मध्ये 'कानून' या इराणमधल्या संस्थेत मुलांसाठी केलेला पहिला लघुपट, १९८७ च्या चित्रपटातली कोकेर गावची नागमोडी वाट, १९९० चा भूकंप, त्या चित्रपटातल्या मुलांच्या शोधात तिकडे गेलेले कियारोस्तामी. सगळं खरं, मला जिवापाड आवडणारं. पण तपासताना लक्षात आलं, मी अक्षरंच वाचत होते. ते काय बघताहेत, हे बघायचंच राहून गेलं होतं. सगळं पुसलं. तो मजकूर पानभर छापून दारात वाटायचा ठरवला.

दोन दिवस आधी सभागृहात चाचणी घेतली, तर जोडाक्षरं फुटलेली. 'स्त'चे तुकडे पडून कियारोस्तामींचं नावही वाचता येईना. रात्रभर बसून अक्षरं चित्रावरच पक्की उमटवून घेतली आणि पहाटे पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं.

प्रयोगाला बर्फाचा प्रसंग आला तेव्हा मी पडद्याच्या कडेला उभी राहून प्रेक्षकांकडे बघत होते. आई दुसऱ्या रांगेत होती, वाटलेलं पान मांडीवर तसंच, घडी न उलगडलेलं.